खिडकीखालच्या फटी

थेंब बरोबर माझ्या वरच्या ओठावर पडला. जिभेनं तो आत घेतला तेव्हा कळलं की हे नुसतं पाणी नाही. त्याला गंजाची चव होती, भिजलेल्या प्लायवूडचा वास होता. सकाळचे आठ वाजले होते आणि मी, वय वर्षं एकोणसाठ, गाडीतल्या पलंगावर चपलांसकट उताणी पडले होते. दार आतून लावून घेतलं होतं, कारण न गेलेल्या प्रवासाची तालीम करताना कुणी बघितलं तर काय सांगणार? ही गाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत एक पलंग, एक ओटा, घडी होणारं टेबल आणि चार खिडक्या. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या सहलीच्या बस चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर चार महिन्यांपूर्वी ही जुनी गाडी आणून इमारतीमागच्या अंगणात उभी केली. तेव्हापासून ती तिथंच, समोरच्या भिंतीला अंग घासून. पहाटे एक सर येऊन गेली होती. मी वर बघितलं, तर पांढऱ्या छतावर तपकिरी डाग, अगदी बाहीच्या कागदी कापासारखा, वर गोल, खाली निमुळता. दुसरा थेंब त्याच्या टोकाला लोंबत होता. एखादी बाई अशा वेळी हळहळली असती. मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला. छातीत काहीतरी टुणकन उडालं. चार महिने ह्या गाडीतलं सगळं ह्यांच्या अखत्यारीतलं होतं, इंजिन, ब्रेक, बॅटरी, आणि मी आपली पडदे शिवणारी. आता पहिल्यांदा गाडीला असं काहीतरी झालं होतं जे मला कळत होतं. गाडी उसवली होती.

“अहो, गाडी उसवलीय,” मी वर जाऊन सांगितलं. हे गुडघ्याला तेल चोळत होते. “गाडी गळते,” हे म्हणाले, “उसवतात ते कपडे.” “दोन तुकडे जिथं जोडलेत तिथून पाणी शिरलं, म्हणजे उसवलंच की.” “बरं, उसवली. मग तू काय करणार, टीप मारणार?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. ह्यांचं हसणं मानेत असतं. कॉलर सोळावरून साडेसोळावर गेली ती त्यामुळेच, असं माझं मत आहे. माझ्याकडे चौतीस वर्षांच्या मापांच्या वह्या आहेत आणि माणसाबद्दल मला जे काही कळतं ते त्या वह्यांतून कळतं. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पोट आत ओढून खोटं उभं राहतो, पण टेप पाठीवरून फिरली की एक श्वास सोडतोच, आणि तेवढ्यात मी आकडा लिहून घेते. आमच्या चिरंजीवांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. मनात हिशेब चालू असला की पाऊण इंच होतो. त्या सकाळी मी गळतीची बातमी सांगितली आणि तो खांदा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. चिरंजीव एका मोठ्या कचेरीत नियोजन करतात. घरात साखर संपायच्या आधी त्यांना कळतं. “आई,” तो म्हणाला, “छतात पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं. वरून दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. बाबांना वर चढता येत नाही. तुम्ही दोघं कुठंतरी माळावर असणार आणि अंगावर छत येणार. तो आइस्क्रीमवाला अजून विचारतोय. त्याला एका जागी उभी करून आइस्क्रीम विकायला गाडी हवीय, सोमवारी घेऊन जाईल.” हे गुडघ्याकडे बघत राहिले. त्यांनी मान हलवली नाही, पण कॉलरमध्ये मान जरा लहान झाली, ते मी बघितलं. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. “रविवारपर्यंत सगळे सांधे मी बंद करते. रविवारी वरून पाईपनं पाणी मारा, हवं तेवढं. एक थेंब आत आला तर ने म्हणावं आइस्क्रीमवाल्याला. माझ्या टाक्यातून वारा जात नाही, पाणी काय जातंय!” चिरंजीवांनी ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. आईची बढाई तारखेसकट.

सांधे बुजवायच्या सीलंटच्या दुकानात मी मापांची वही घेऊन गेले. गाडीचं पान मी रीतसर उघडलं होतं. उंची साडेदहा फूट, खांदा सात, लांबी एकोणीस. तक्रार, डावीकडे वर उसवली आहे, वायुवीजनाच्या झाकणाभोवती आणि पुढच्या कडेला. दुकानदाराचं पोट गल्ल्याच्या कडेवर टेकलेलं होतं, शर्टाचं तिसरं बटण धोक्यात. त्यानं पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. “ताई, हे कुणी लिहिलं?” “मी.” “गाडीचा खांदा?” “रुंदी मापायची तर खांद्यावरच ना.” मग मात्र तो माणूस खुलला. बोलायला दर्दी माणूस भेटला की दुकानदार वस्तू विकायचं विसरतो. छताला पातळ सीलंट, जे आपोआप पसरतं. उभ्या कडांना जाड, नाहीतर ओघळेल. सिलिकॉन नको, कारण पुढच्या वेळी त्यावर काही म्हणजे काही धरत नाही. “आणि ताई, जुन्यावर नवं नाही लावायचं. आधी जुनं सगळं खरवडा, स्पिरिटनं पुसा, वाळू द्या. लोकांना घाई असते. वरून फासतात, मग माझ्या नावानं बोंब.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली. चौतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. फाटक्यावर ठिगळ लावू नका, आधी फाटकं कापून टाका.

आणि मग मी छतावर चढले. गाडीला जोडलेल्या शिडीवरून वर पोहोचल्यावर असं काही वारं अंगात शिरलं की विचारू नका. आमच्याच इमारतीचं अंगण, त्याच दोऱ्यांवरचे तेच कपडे (त्यातले निम्मे माझ्या हातचे), पण साडेदहा फुटांवरून सगळं कापून टेबलावर पसरल्यासारखं. लोकांच्या डोक्यांचे भोवरे दिसत होते. माणसाला वरून कधी मापलं नव्हतं मी. हे खाली खुर्ची टाकून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी ओरडत होते, “अगं, कडेला जाऊ नकोस!” “कडाच शिवायचीय, तर कडेला नको जाऊ?” जुनं सीलंट वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं उठलं होतं. पातीनं खालून उचललं की पूर्ण पट्टी एका ओढीत निघून यायची, जुनी टीप धागा ओढून काढल्यावर येते तशी, टर्र करत, आणि त्या आवाजानं माझ्या दंडावर काटा यायचा. खाली झाकणाचे स्क्रू, गंजलेले, वर्षानुवर्षं अंधारात बसलेले. मी एकेक पुसला. कागदी चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी आखून लावली, मधे बोटाएवढी जागा. सीलंटची बंदूक दाबली आणि ती पांढरी ओळ बाहेर यायला लागली तेव्हा हात आपोआप स्थिर झाला. मशीनवर पहिल्यांदा सरळ टीप पडली होती त्या दिवशी झाला होता तसा. चौदा वर्षांची होते मी. मावशीकडे शिवण शिकायला पाठवलेली. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, हडकुळी, ओठांत टाचण्या धरून बोलणारी. त्यामुळे तिची वाक्यं आखूड असायची. टीप बघायची पद्धत अशी की डोळ्यांनी बघायचीच नाही. अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवायची, आणि जिथं नख अडकेल किंवा खाली जाईल तिथं थांबायची. “इथं तोंड उघडं आहे,” एवढंच म्हणायची. मग सगळी टीप उसवायची आणि पुन्हा मारायची. शेवटचा टाका दोनदा मागं घेतला नाही तर शिवण हळूहळू तोंड उघडते, हे मी तिच्याकडून शिकले, आणि उघड्या तोंडाची जी भीती बसली ती आजतागायत. आमच्या घरात डब्याचं झाकण, पेनाचं टोपण, वाक्य, भांडण, काही म्हणजे काही अर्धवट उघडं राहत नाही. हे म्हणतात, तुझ्याशी बोलताना दार लावल्याचा आवाज येतो. मावशी माझ्यासमोर एकदाच खळखळून हसली, तेही माझ्या एका घोडचुकीवर. अस्तराच्या कोटाची गोष्ट. पण छतावर ती आठवायचं काही कारण नव्हतं. मी हातातली ओळ बघत होते.

तीन दिवस मी सकाळी कामावर जाते तशी छतावर गेले. दुपारी सीलंटनं कडक झालेल्या बोटांनी कटिंगच्या टेबलाशी बसायचं आणि खिडकीतून गाडीचं छत बघायचं, हा नवा छंद. त्या खिडकीबद्दल सांगायला हवं. माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून चौतीस वर्षं एकच दृश्य दिसतं. समोरची भिंत, तिच्यावरचा सांडपाण्याचा पाईप, आणि पाईपाच्या उजवीकडे एक तडा, जो आधी पंज्यासारखा होता आणि आता फांदीसारखा झालाय. त्या तड्याची वाढ मला आमच्या चिरंजीवांच्या उंचीइतकी पाठ आहे. त्या भिंतीकडे बघत मी लोकांच्या प्रवासाचे कपडे शिवले. बर्फात घालायचे कोट, समुद्रावर उडणारे झगे, एका उंच बाईंचा वीस खिशांचा सदरा. कपडे परत यायचे दुरुस्तीला, आणि खिशांत मागं राहिलेलं काही ना काही सापडायचं. बारीक काळी वाळू. कुठल्याशा होडीचं अर्धं तिकीट. दाबून चपटं झालेलं लालभडक पान. गिऱ्हाईक म्हणायचं, टाकून द्या हो ते. मी बॉबिनच्या जुन्या डब्यात टाकायची. माझ्या टिपांनी जग बघितलं आणि मी तो डबा बघितला. तक्रार नाही करत, नोंद करतेय. मला कुठं एखाद्या प्रसिद्ध ठिकाणी जायचंय असंही नाही. हे विचारतात, आधी कुठं नेऊ, डोंगर की समुद्र? मला एवढंच हवंय की सकाळी डोळा उघडावा आणि खिडकीबाहेर काय असेल ते मला ठाऊक नसावं. एकदा तरी. गंमत म्हणजे ह्या गाडीच्या भिंतीकडच्या मागच्या खिडकीतूनही तोच तडा दिसतो, फक्त जास्त जवळून.

शनिवारी छत संपलं, कडा संपल्या, दिव्यांच्या भोवती, दाराच्या भोवती, शिडीच्या पायांभोवती, सगळीकडे नख फिरवून झालं. कुठं अडकलं नाही. राहिल्या खिडक्या. अंगणाच्या बाजूला दोन, भिंतीच्या बाजूला दोन. भिंतीच्या बाजूच्यांसाठी मी दोन वीत जागेत तिरकी घुसले, पोट आत ओढून, आणि स्वतःचंच खोटं माप घेतल्यासारखं हसू आलं. वरची कड, उभ्या कडा, झालं. आणि मग खालच्या कडेवरून नख फिरवलं तर अडकलं. चौकटीत नखाएवढी फट. जरा पुढं आणखी एक. दुसऱ्या खिडकीला दोन. बाहेर येऊन अंगणाकडच्या बघितल्या, तिथंही प्रत्येकी दोन. एकूण आठ उघडी तोंडं! जोडणाऱ्यानं सगळं करून शेवटचा टाका टाकलाच नव्हता. मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला, दोन्ही एकदमच. दुसऱ्याची चूक अशी हाताला लागणं, ह्यात जे सुख आहे ते कारागिरालाच कळेल. आठही फटी एका मापाच्या, एका अंतरावर. माणूस आळशी असला तरी हाताचा नेमका होता, असं मनात म्हणाले आणि आठही बुजवल्या. वर साबणाच्या पाण्यानं ओलं केलेलं बोट फिरवलं. गुळगुळीत. मावशीचं नख घसरून पडलं असतं.

रविवारी दहाला परीक्षा. आत सगळीकडे मी कापाचा खाकी कागद अंथरला, गादीवर, ओट्यावर, जमिनीवर, म्हणजे थेंब पडला तर काळा डाग दिसेल, वाद नको. चिरंजीव आत माझ्या शेजारी, हातात घड्याळ. बाहेर हे स्टुलावर उभे, पाईप घेऊन, गुडघेदुखी विसरून. “सोडू का?” “सोडा!” छतावर पाणी कोसळलं. आत असा आवाज, जणू शंभर मशीन एकदम चालू झाली. मी चिरंजीवांचा दंड पकडला, त्यानं सोडवून घेतला नाही. पाच मिनिटं. बाहीच्या आकाराचा डाग तसाच, कोरडा. दहा मिनिटं. कागद खाकीच्या खाकी. “आई, छत पास,” चिरंजीव म्हणाले, आणि आवाजात नकळत जो आदर होता तो मी ऐकला. बाहेरून आवाज आला, “काय गं, कोरडं ना?” “ठणठणीत!” “मग आता बाजूनं मारतो!” आणि पाणी खिडक्यांवर आलं. काचेवर जाड पडदा. मला हसू येत होतं, मला नाचायचं होतं, मी पुढच्या महिन्यात कुठल्यातरी अनोळखी ओढ्याकाठी हाच आवाज ऐकत झोपलेली होते. आणि तेवढ्यात खिडकीखालच्या कागदावर एक काळा ठिपका उमटला. बटणाएवढा. शेजारी दुसरा. मग ठिपके जुळले आणि त्यांची ओळ झाली.

“आई,” चिरंजीव म्हणाले. डावा खांदा पाऊण इंच. तो गाडीतून उतरला, आणि खिडकीच्या काचेआड मला त्याचा फोन कानाला जाताना दिसला. ह्यांना काहीच माहीत नव्हतं. हे मजेत पाणी मारत होते, मधे एकदा काचेवर माझ्या तोंडासमोर मुद्दाम मारलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मारायचे तसं. मी खिडकीजवळ वाकले. आधी वाटलं, माझी ओळ फुटली. नख फिरवलं. ओळ शाबूत होती. मग पाणी येतंय कुठून? सरकत्या काचेखालच्या खाचेत पाणी साठलं होतं, ताटलीत ठेवल्यासारखं, काठोकाठ, आणि काठावरून आत सांडत होतं. काचेच्या रबराशेजारून थोडं झिरपतच असणार, नेहमीच. ते आत येतं हे नवल नव्हतं. नवल हे की ते जात का नव्हतं. आणि तिथं, त्या भरलेल्या खाचेकडे बघताना, मला मावशीचं हसू ऐकू आलं. टाचण्या ओठांतून गळून फरशीवर पडल्याचा आवाज आणि मग ते हसू. अस्तराचा कोट उलटा शिवतात, आतली बाजू बाहेर ठेवून. सगळीकडून शिवला की अस्तरात वीतभर जागा मोकळी सोडायची असते, आणि तिथून हात घालून अख्खा कोट सुलटा बाहेर ओढायचा असतो. मला ती मोकळी वीत दिसली आणि मी कुणाला न विचारता ती शिवून टाकली. सुबक. शेवटचा टाका दोनदा मागं घेऊन. आणि कौतुकाच्या आशेनं मावशीपुढं धरला तो कोट, कायमचा उलटा, बंद, कुणाच्याच अंगात न जाणारा. “अगं बाई,” मावशी हसता हसता डोळे पुसत म्हणाली, “आता ह्याला बाहेर काढायचं कुठून?”

पंचेचाळीस वर्षांनी तीच मुलगी तीच चूक करून बसली होती, आणि माझ्या तोंडून तेच हसू बाहेर पडलं, मोठ्यानं, गाडीत एकटी असताना. गळ्यात टेप होती, ॲप्रनच्या खिशात टाके उसवायची बारकी सुरी. मी पायऱ्यांवरून धावले. धावले, हो. “अगं पडशील!” “पाणी बंद करू नका! मारत राहा!” भिजत भिजत खिडकीखाली वाकले, माझ्याच बोटानं गुळगुळीत केलेल्या सीलंटखाली सुरीचं टोक घातलं आणि उचकटलं. पांढरी गोळी सुटली आणि मागोमाग पाण्याची धार, बारीक, जोरात, कमानीसारखी, थेट चिरंजीवांच्या बुटांवर. दुसरी फट. दुसरी धार. “हॅलो, हो, ऐकतोय,” तो फोनवर म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला. “ही भोकं आहेत,” मी ओरडले, “पाणी बाहेर जायची! त्या माणसानं मुद्दाम ठेवली होती! मी मूर्ख, शिवून टाकली!” मी दुसऱ्या खिडकीकडे गेले, तिथल्या दोन उचकटल्या. मग आत धावले, खाच रिकामी झालेली, ओला कागद फाडून नवा टाकला. हे मारत राहिले. पाच मिनिटं. नवा कागद खाकीच राहिला.

दारात चिरंजीव. फोन कानावरून खाली, पण चालू. पलीकडे तो आइस्क्रीमवाला हॅलो हॅलो करत होता. “आई, ठरलं होतं एक थेंब.” “ठरलं होतं,” मी म्हणाले. धाप लागली होती, केसांतून पाणी गळत होतं आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं, तेच मला खरं तर समजत नव्हतं. “आला थेंब. मी हरले. पण तो थेंब माझा होता, गाडीचा नाही. गाडीनं जागा ठेवली होती, मी बुजवली. माझ्या चुकीची शिक्षा तिला देणार असशील तर दे.” त्यानं वरच्या डागाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग बाहेर, जिथं त्याचे वडील स्टुलावर पाईप धरून पोरासारखे उभे होते आणि आत काय चाललंय ते ऐकायला मान लांब करत होते. आणि मी बघितलं, चौतीस वर्षांचा माझा डोळा खोटं सांगत नाही, त्याचा डावा खांदा हळूहळू वर आला. उजव्याच्या बरोबरीला. असा मी तो त्याच्या लग्नाच्या कोटाच्या मापालाही बघितला नव्हता. “हॅलो,” तो फोनमध्ये म्हणाला, “नाही, नाही जमणार. नाही हो, गळत नाही. आई-बाबा बाहेरगावी चाललेत तिच्यातून.” मग फोन खिशात घालून हात पुढं केला. “भिंतीकडच्या किती राहिल्या?” “चार.” “दे ती सुरी. तू नको घुसू तिथं परत.” आणि बाहेर वाकून, “बाबा, तिकडं पाणी मारायला जागा नाही. गाडी भिंतीपासून सुटी करून पुढं घ्यावी लागेल. सुरू होईल ना?”

“सुरू होईल ना म्हणजे?” हे स्टुलावरून उतरले ते गुडघ्यांना न विचारताच. “एकतीस वर्षं काय मी ढकलत होतो?” मी मागं पलंगाच्या कडेवर बसले, ओल्या कपड्यांनी खाकी कागदावर माझंच माप उमटवत. समोर भिंतीकडची मागची खिडकी, खिडकीत भिंत, भिंतीवर पाईप, पाईपाच्या उजवीकडे फांदीसारखा तडा. पुढून ह्यांचा आवाज आला, “बसलीस का नीट?” मी म्हटलं, “बसले.” इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि लागलं. ओट्यावरचे डबे किणकिणले, गादी थरथरली, माझ्या मांड्या थरथरल्या. फक्त वीस फूट पुढं जायचं होतं, मला माहीत होतं. पाईप पोचेल एवढंच. तडा खिडकीच्या मधोमध होता. मग तो जरा डावीकडे झाला. मग कडेला गेला. आणि मग खिडकीतून निघून गेला. त्याच्या जागी भिंतीचा असा तुकडा आला जो मी आयुष्यात कधी बघितला नव्हता.